फार तर दोन तास

आमच्या घरी मिरजेच्या प्रवासाची तयारी पंधरा दिवस आधी सुरू व्हायची, आणि ती कपड्यांनी किंवा फराळाने नाही, वहीने सुरू व्हायची. बंगळूरला, राजाजीनगरच्या घराच्या पुढच्या खोलीत, रात्रीची जेवणं झाली की अण्णा, म्हणजे माझे वडील, टेबलाशी बसायचे. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची वही उघडायचे, शेजारी रेल्वेचं वेळापत्रक ठेवायचे आणि ब्लेडने पेन्सिलीला टोक काढायचे. आत स्वयंपाकघरात आई भांडी पालथी घालत असायची. पेन्सिलीचं टोक काढल्याचा बारीक आवाज आला, की ती मान वर न करता म्हणायची, "लागले वाटतं मुहूर्त काढायला." तिच्या आवाजात थट्टा असायची आणि खूप आनंदही असायचा, कारण मिरज तिचं माहेर होतं आणि वर्षातून एकदाच, मे महिन्यात, आम्ही तिकडे जायचो. आम्ही तिघं आणि आमची जुनी फियाट.

अण्णा एका सरकारी कारखान्यात होते. तिथे यंत्रं तयार व्हायची. अण्णांचं काम मात्र यंत्र चालवण्याचं नव्हतं, ते चालवणाऱ्याशेजारी स्टॉपवॉच घेऊन उभं राहण्याचं होतं. एक सुटा भाग लेथवर चढवायला किती सेकंद, कातायला किती, उतरवायला किती, मधे हत्यार शोधण्यात किती गेले, हे सगळं ते फळीला लावलेल्या कागदावर टिपत. कामगारांना ते फार आवडत असतील असं वाटत नाही. कारखान्याच्या वार्षिक समारंभात एकदा एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, तुझे अण्णा घरी घड्याळ लावून जेवतात का. मी सात-आठ वर्षांची असेन. खरं तेच सांगितलं, की हो, चौदा मिनिटं. ते गृहस्थ इतके हसले, की त्यांच्या बशीतला केसरीभात सांडला.

तर बंगळूरहून मिरजेला निघायची योग्य वेळ अण्णांनी शोधून काढली होती. पहाटेचे चार. साडेतीनला निघून उपयोग नाही आणि साडेचारला निघून तर नाहीच. चारला निघालं, की यशवंतपूरच्या बाजारात माल उतरवायला आलेले ट्रक अजून भरलेले असतात, परत फिरलेले नसतात. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या पहिल्या पाळीच्या बस रस्त्यावर यायच्या आत आपण तिथून पुढे गेलेलो असतो. पावणेसहाला तुमकूर. मग शिरा, हिरियूर, चित्रदुर्ग. कुठल्या गावचा बाजार कुठल्या वारी भरतो आणि बैलगाड्या किती वाजल्यापासून रस्ता अडवतात, हे वहीत होतं. दावणगेरेच्या पुढे रस्ता मधूनमधून रूळ ओलांडायचा, आणि अण्णांचं खरं वैर तिथल्या फाटकांशी. एक फाटक बंद मिळालं की मागच्या ट्रकांच्या रांगेत अर्धा-पाऊण तास गेलाच. म्हणून ते रेल्वेचं वेळापत्रक. कुठली मालगाडी कुठल्या फाटकावर किती वाजता, हे त्यात नसायचं, पण अण्णा ते दर वर्षीच्या टिपणांवरून काढत. आज माझा मुलगा निखिल मोबाईलवर बोट फिरवून लाल रस्ता कुठे आणि निळा कुठे ते सांगतो. ते बघताना मला त्या पेन्सिलीच्या टोकाची आठवण येते. अण्णांना हे यंत्र मिळालं असतं तर त्यांना आनंद झाला असता की वाईट वाटलं असतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या प्रवासात माझंही एक काम होतं. मला वाचायला येऊ लागलं त्या वर्षापासून स्टॉपवॉच माझ्या गळ्यात आणि वही माझ्या मांडीवर. वहीत चार रकाने आखलेले असायचे. गाव, ठरलेली वेळ, झालेली वेळ, आणि उशीर झाला असेल तर त्याचं कारण. मी मागच्या सीटवर, बाजूला पितळी डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, केळीच्या पानात बांधलेल्या दशम्या, स्टीलच्या कडीच्या डब्यात आलं-मोहरीची फोडणी घातलेला दहीभात. गाडीत पेट्रोलचा, दह्याचा आणि आईच्या वेणीतल्या मोगऱ्याचा असा एक मिळून वास असायचा. कारणाच्या रकान्यात मी नेटक्या अक्षरात लिहायचे, "म्हशी", "फाटक", "पंक्चर". आणि सगळ्यात जास्त वेळा, "आई".

कारण आईला थांबायचं असायचं. हरिहरच्या पुलावर तिला तुंगभद्रा बघायची असायची, गाडीतून नाही, उतरून, कठड्याला हात टेकून. फाटकावर काकड्या विकणाऱ्या बायका दिसल्या की तिला त्यांच्याशी तिच्या मोडक्या कानडीत बोलायचं असायचं. अण्णा इंजिन बंद करत नसत. स्टिअरिंगवर दोन बोटं वाजवत बसत. आई परत आली, पदराने कपाळ पुसत बसली, की मागे वळून मला म्हणायची, "लिही गं. आईमुळे सहा मिनिटं." मी म्हणायचे, साडेसहा. अण्णा तेव्हा हसायचे. बाकी प्रवासभर ते फारसे हसत नसत.

मिरजेला ताईमावशी होती. आईची थोरली बहीण, तिच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आईची आई लवकर गेली, तेव्हा ताईमावशीने तिला वाढवलं. ती शाळेत शिक्षिका होती आणि तिने लग्न केलं नाही. त्यामागचं कारण घरात कुणी बोललं नाही, पण आईला ते ठाऊक होतं आणि ते आपणच आहोत असं ती मानायची. ताईमावशी आमच्यासाठी दारात उभी असायची. आम्ही साडेपाचला पोचणार, असं पत्र अण्णा आधी टाकत. एका वर्षी सहा वाजून पाच मिनिटांनी पोचलो, तर ती म्हणाली होती, "साहेब, आज कारखान्यात संप होता का?" अण्णांशी असं बोलणारी ती एकटीच.

मी चौदा वर्षांची होते त्या वर्षीची ही गोष्ट. संक्रांत नुकतीच झाली होती. शेजारच्या पार्वतक्कांनी दिलेला एळ्ळू-बेल्ला, म्हणजे तीळ, गूळ, खोबरं आणि शेंगदाण्यांचं मिश्रण, अजून डब्यात होतं आणि मी शाळेतून आल्यावर मूठमूठ खात होते. आमच्याकडे फोन नव्हता. पार्वतक्कांकडे होता. दुपारी चारच्या सुमारास त्या कुंपणापाशी आल्या आणि हाक मारली, "इंदू अक्का, फोन बंतु, मिरज." आई ओल्या हातांनीच गेली. मी तिच्या मागे गेले. पलीकडून ताईमावशीचे शेजारी कुलकर्णीकाका ओरडून बोलत होते, इतकं की मलाही ऐकू येत होतं. ताईंना दवाखान्यातून घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, ज्यांना यायचंय त्यांनी यावं. आई "हो, हो" एवढंच म्हणाली. फोन खाली ठेवल्यावर तिने पार्वतक्कांच्या टेबलावर पडलेलं ओल्या हाताचं पाणी पदराने पुसलं.

अण्णा पावणेपाचला कारखान्याच्या बसने आले. आईने सांगितलं. ते बूट न काढता टेबलाशी बसले आणि वही उघडली. मला ते आठवतं, कारण बूट न काढता ते कधी आत येत नसत. त्या दिवशीची मिरजेची गाडी दुपारीच गेलेली होती. उरली फियाट. अण्णांनी बराच वेळ पानं उलटली, पेन्सिल धरली, ठेवली, आणि म्हणाले, "पहाटे चारला निघू. पाचपर्यंत पोचतो." आई म्हणाली बरं, आणि पुऱ्यांचं पीठ भिजवायला गेली. मी पार्वतक्कांकडे जाऊन कुलकर्णीकाकांना फोन लावून घेतला आणि निरोप दिला.

मी परत आले तेव्हा आई मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी उभी होती. कपडे केव्हाच वाळले होते, ती ते काढतही नव्हती. मला बघून तिने हळू आवाजात विचारलं, "आत्ता निघालो तर?"

आज या वयात त्या प्रश्नापाशी मी किती वेळा गेले असेन, सांगता येणार नाही. पण तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं, की आईने मला काहीतरी विचारलं आहे आणि त्याचं उत्तर मला येतं. मी आत जाऊन वही आणली. दगडावर बसून गणित केलं. पहाटेचा रिकामा रस्ता सोडला तर अण्णा अंधारात लांब गाडी चालवत नसत. समोरच्या ट्रकांच्या दिव्यांनी त्यांना दिसेनासं व्हायचं, आणि त्या काळच्या त्या अरुंद रस्त्यावर ते खरंच धोक्याचं होतं. पाचला निघालो तर यशवंतपूरला परतीचे ट्रक, पीण्याला सुटलेली पाळी, म्हणजे तुमकूरलाच आठ. तिथे मुक्काम. तिथून पहाटे चारला निघायचं. मी आईला सगळं समजावून सांगितलं, बोटाने रकाने दाखवून. शेवटी म्हणाले, "फार तर दोन तास वाचतील. आणि लॉजमधे तुला झोप लागणार नाही."

आई माझ्याकडे बघत होती. वहीकडे नाही. मग म्हणाली, "सरी."

हा कानडी शब्द, म्हणजे बरं, ती बाहेर वापरायची, भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, बोलणं मिटवताना. घरात आमच्याशी कधी नाही.

दुसऱ्या दिवशीचा प्रवास आमच्या सगळ्या प्रवासांत उत्तम झाला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तसंच होतं. पार्वतक्कांनी इतक्या पहाटे उठून थर्मासमधे कॉफी आणून दिली. फियाट पहिल्या खटक्याला सुरू झाली. यशवंतपूरचा बाजार मोकळा. तुमकुराला पाच अठ्ठावीस. शिऱ्याच्या पुढे धुकं होतं, पण बघता बघता विरलं. उसाच्या गाड्या अजून शेतातून निघालेल्या नव्हत्या. दावणगेरेच्या पुढची सगळी फाटकं उघडी. एका फाटकातून आम्ही पलीकडे गेलो आणि मागे वळून पाहिलं, तर फाटकवाला दांडा खाली करत होता. अण्णांचे खांदे सैल झालेले मला मागून दिसले. हरिहरचा पूल आला. त्यांनी गाडी हळू केली, आपणहून. आई समोर बघत राहिली. थोडं पुढे गेल्यावर अण्णांनी वेग वाढवला. मी वहीत कारणाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. हुबळीपर्यंत तो रकाना कोरा होता, बेळगावपर्यंत कोरा होता. मला आठवतं, मला त्याचं बरं वाटत होतं. दशम्या कुणी सोडल्या नाहीत. मी भूक लागली म्हणून दोन पुऱ्या खाल्ल्या, त्याही चोरून खाल्ल्यासारख्या.

मिरजेत गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. ताईमावशीच्या दारात चपला होत्या. खूप चपला, एकमेकींवर चढलेल्या. आईने गाडी थांबायच्या आधीच दार उघडलं.

कुलकर्णीकाकू बाहेर आल्या. त्यांनी आईला धरलं आणि म्हणाल्या, साडेतीनला. मग रडत रडत, जे ठेवून द्यायला हवं होतं तेही त्यांनी सांगून टाकलं, जसं माणसं अशा वेळी सांगतात. "कालपासून एकच धोसरा, इंदू निघाली का. मी म्हटलं, पहाटे निघतेय. तर म्हणाल्या, रात्रभर काय करतेय ती?"

मी गाडीतच होते. माझ्या हातात पेन्सिल होती आणि सवयीने मी लिहिलं होतं, मिरज, ४.५०. दोन तास आधी म्हणजे दहा मिनिटं कमी तीन. ही वजाबाकी माझ्या डोक्यात आपोआप झाली. समोर अण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते आणि इंजिन चालूच होतं. त्यांनीही तीच केली असणार. थोड्या वेळाने त्यांनी मागे हात केला. मी वही दिली. मग गळ्यातलं स्टॉपवॉच काढून तेही दिलं. ते अजून चालू होतं. मी बंद करायला विसरले होते, की मुद्दाम केलं नव्हतं, आता आठवत नाही.

आई अण्णांना काही बोलली नाही. मलाही नाही. तेरा दिवस राहून परत आलो, कधी निघालो आणि कधी पोचलो ते मला माहीत नाही. पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो, ताईमावशीचं घर आवरायला. आदल्या दिवशी जेवताना अण्णांनी विचारलं, "उद्या कधी निघायचं?" त्यांनी हा प्रश्न आईला पूर्वी कधी विचारला नव्हता. आई भात वाढत होती. म्हणाली, "जेवून." आम्ही भर उन्हात दीड वाजता निघालो. यशवंतपूरला तासभर, तुमकुराच्या अलीकडे पुन्हा तासभर. मुक्काम करत, थांबत, दुसऱ्या दिवशी जात राहिलो. दावणगेरेच्या पुढे फाटक बंद मिळालं. अण्णांनी इंजिन बंद केलं. आई उतरली, काकड्या घेऊन आली, आणि अण्णांनी खाली उतरून, फुटपाथ नसलेल्या त्या रस्त्याच्या कडेला उभं राहून, तिखटमीठ लावलेली काकडी खाल्ली. मी त्यांना रस्त्यावर उभं राहून काही खाताना पहिल्यांदाच पाहत होते. पुढची सगळी वर्षं आम्ही तसेच गेलो. वही पुन्हा दिसली नाही. मला वाटलं, त्यांनी टाकून दिली.

मग मी शिकले, एका संशोधन संस्थेत ग्रंथपाल झाले, लग्न झालं, निखिल झाला. अण्णा गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. आई शेवटपर्यंत माझ्याजवळ, याच राजाजीनगरच्या घरात होती. गेल्या वर्षी तिला डोळे दाखवायला येलहंक्याला नेलं होतं. परत येताना उड्डाणपुलावर गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. निखिल गाडी चालवत होता आणि चिडून मोबाईलमधे दुसरा रस्ता शोधत होता. म्हणत होता, दहा मिनिटं आधी निघालो असतो तर. आई मागे माझ्याशेजारी बसली होती. खिडकीबाहेर बघत ती एकदम म्हणाली, "तुझा हिशेब बरोबर होता गं."

कुठला, हे मी विचारलं नाही. पंचेचाळीसहून जास्त वर्षं होऊन गेली होती.

"पण मी हिशेब नव्हता विचारला," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. तिच्या हाताची कातडी शेवटी शेवटी फार पातळ झाली होती. मी विचारलं, मग काय विचारलं होतंस.

"कुणीतरी नुसतं चल म्हणायला हवं होतं."

पुढची गाडी हलली. निखिल म्हणाला, सुटलो एकदाचे. आई त्यावर हसली, आणि त्याला म्हणाली, "स्वल्प हळू रे. मला काही घाई नाही."

ती गेली त्यानंतर पाचव्या दिवशी मी तिचं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, तिच्या लग्नातल्या शालूखाली, हिरव्या कापडी पुठ्ठ्याची वही होती. मी आधी ते पान काढलं. मिरज, ४.५०, माझं चौदा वर्षांचं अक्षर, शेजारचा रकाना कोरा. मग पान उलटलं. पुढची पानं मला ठाऊक नव्हती. ती अण्णांच्या अक्षरात होती, दर मे महिन्याची, वर्षामागून वर्ष. वेळांचे रकाने त्यांनी आखलेच नव्हते. फक्त गाव आणि कारण. "फाटक. काकडी." "शिरा. चहा, मग पुन्हा चहा." "हरिहर पूल. इंदू." "चित्रदुर्ग. इंदूला किल्ला बघायचा होता, पाहिला." "हरिहर पूल. इंदू." आमच्यासमोर त्यांनी आईला कधी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही, नेहमी नुसतं "अगं". आईने ही वही वाचली होती का, हे विचारायला आता कुणी नाही. पण ती तिच्या शालूखाली होती.

आईच्या अस्थी मिरजेला कृष्णेत सोडायच्या होत्या. ताईमावशीच्या तिथेच सोडल्या होत्या. निखिल एचएसआर लेआउटमधल्या त्याच्या घरून आला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत होते. त्याने मोबाईल पुढे धरला. बघ आई, सगळं लाल आहे, नेलमंगलापर्यंतच दोन तास. आपण पहाटे चारला निघू, रिकामा रस्ता मिळेल, दुपारपर्यंत पोचू. त्याने आजोबांना पाहिलेलंही नाही, आणि नेमकी चारचीच वेळ काढली.

मी म्हटलं, "आत्ता चल."

"आत्ता? अगं, फायदा काय?"

"काही नाही. चल."

त्याने किल्ल्या उचलल्या. तो चांगला मुलगा आहे. गोरगुंटेपाळ्यच्या सिग्नलला आम्ही अडकलो. पुढे ट्रक, मागे बस, दोन्ही बाजूंना दुचाकी, सगळीकडून हॉर्न. अस्थींचा कलश पांढऱ्या कापडात बांधून मी मांडीवर घेतला होता. सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला आणि आम्ही हललो नाही. निखिल स्टिअरिंगवर दोन बोटं वाजवत होता. मी पर्समधून वही काढली, अण्णांच्या शेवटच्या ओळीखाली जागा होती, तिथे सिग्नलचं नाव लिहिलं. शेजारी लिहिलं, "आई".

मग त्याला म्हटलं, इंजिन बंद कर.